आंजर्ल्याचं घर : कामाची वही

४ नोव्हेंबर २०२४

घराच्या असेसमेंट उताऱ्यावर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर, पाच नावं. त्यातले दोघे वारले, वारस नोंद राहिलीय, म्हणजे सह्या अकरा जणांच्या. दिवाळीला बहुतेक सगळे आले होते. काल भाऊबीज उरकली, आज ओटीवर बसून विषय काढला. २०२० च्या निसर्ग वादळापासून घर जवळजवळ बंद आहे. आणखी पाच वर्षं असंच ठेवलं तर उतारा राहील, घर राहणार नाही. दुरुस्तीचा खर्च आम्ही दोघं करतो, आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, घेऊन इथेच राहायला येतो आणि तीन खोल्या पाहुण्यांना देतो, असा आमचा प्रस्ताव.

धाकटे दीर म्हणाले, विकून टाका. जाऊबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की तो मुद्दा तिथेच मिटला. भाऊकाकांनी अटी पाठकोऱ्या कागदावर लिहूनच आणल्या होत्या. चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून गौरी-गणपती जाईपर्यंत घर घरच्यांचं. देवघर आणि माजघर भाड्याने द्यायचं नाही. आणि ‘पुढचं दार दिवसा लावायचं नाही’. ही तिसरी अट कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

धास्ती आत्यांची होती, कारण तीनपैकी एक खोली बाळंतिणीची. त्यांची तिन्ही बाळंतपणं तिथे झालेली. त्या म्हणाल्या, "द्या की. पण आधी खिडकी मोठी करा. मी काळोखात काढलेत गो दिवस, पैसे देऊन कोण काढील?"

२७ नोव्हेंबर

मिस्त्री दापोलीहून आले आणि हातोडीच्या दांड्याने भिंती वाजवत घरभर फिरले. जांभ्याचे चिरे मातीत रचलेले, भिंत दीड हात जाड, वर चुन्याचा गिलावा. तीन बाजू ठणठणीत. पश्चिमेची, म्हणजे समुद्राकडची भिंत मात्र आतून कंबरेएवढी ओली आणि बोट लावलं की लाल भुकटी पडते. त्याच भिंतीला सासऱ्यांच्या वेळी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता, ‘कायमचं काम’ म्हणून.

मिस्त्रींचं निदान सोपं आहे. जांभा सच्छिद्र दगड. जमिनीतली ओल तो चढवतो आणि अंगातून वाऱ्यावर सोडून देतो. चुना त्याला आड येत नाही. सिमेंट येतं. बाहेरची वाट बंद झाली की ओल वर चढते, मग आतल्या बाजूने बाहेर पडते, आणि जाताना मीठ मागे ठेवते. मीठ सुकून फुगतं आणि दगड पिठासारखा झडतो. सिमेंट काढायचं, बस. नवीन रसायन, वॉटरप्रूफिंग काही नको. हे ऐकून नवऱ्याचा जीव भांड्यात पडला, कारण त्याने त्या रसायनांचे भाव काढून ठेवले होते.

छप्पराचा पश्चिमेचा पाखा ३ जून २०२० ला उडाला, तेव्हापासून त्यावर पत्रे आहेत. उरलेल्या बाजूंना मंगलोरी कौलं. एक उतरवून पाहिलं तर पाठीवर बासेल मिशनचा छाप आणि १८६५ हा आकडा. भाऊकाकांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी घराचं वय तिथल्या तिथे १५९ वर्षं करून टाकलं. तो आकडा कारखाना सुरू झाल्याचा आहे, मंगळुरात मिशनने कौलांचा कारखाना काढला ते साल. तोच आकडा ते पुढेही कौलांवर छापत राहिले. मात्र पहिल्या महायुद्धात जर्मन-स्विस मिशनचे कारखाने इंग्रज सरकारने ताब्यात घेतले, म्हणून मिशनचा छाप असलेलं कौल त्याच्या आधीचं असणार एवढं म्हणता येतं. कौलं गलबतातून किंवा बोटीने हर्णै बंदरात उतरली असतील. काकांना हे पटलेलं नाही.

१५ डिसेंबर

आज दिवसभर संडास-बाथरूम एवढाच विषय.

नवऱ्याच्या मित्राने नकाशा काढून पाठवला. प्रत्येक खोलीला आतूनच न्हाणीघर, एक तर देवघराच्या भिंतीला लागून. नवऱ्याचं म्हणणं, पाहुणा पहिला प्रश्न ‘अटॅच्ड आहे का’ हाच विचारतो. खरं आहे. पण मातीत रचलेल्या भिंतीत नळ घालायचा म्हणजे भिंतीला आतून पाणी पाजायची सोय करायची. नळ आज ना उद्या पाझरणार. वर किंजळीचे वासे, खाली मातीची जमीन, बाजूला वाळवी वाटच बघत बसलेली. जुनी माणसं न्हाणी घराबाहेर ठेवत ती काही फक्त सोवळ्यापायी नाही.

माझा आग्रह गोठ्याचा. मागच्या पडवीपासून चार पावलांवर, गुरं गेल्याला वीस वर्षं झाली, जोतं शाबूत. तिथे तीन न्हाणीघरं, प्रत्येक खोलीला आपलं स्वतंत्र, किल्लीसकट. पडवीपासून तिथवर कौलांची छपरी. जोतं वाढवायचं नाही, आहे त्या मापात बसवायचं. समुद्रकाठच्या गावात नवं जोतं टाकलं की परवानग्यांचं वेगळंच प्रकरण सुरू होतं.

आई आधी माझ्या बाजूच्या होत्या. "घरात संडास नको हो." मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाल्या, "पण मला काय रात्री गुडघे धरत गोठ्यात पाठवणार?" तेव्हा मागच्या पडवीच्या टोकाला, मुख्य भिंतीपासून वीतभर सोडून, एक न्हाणीघर आईंसाठी. तत्त्वाला एवढी मुरड चालेल.

२९ डिसेंबर

सेप्टिक टाकी कुठे, यावरून पुन्हा नकाशा. इथे पुळणीची, वाळूची जमीन, पावसाळ्यात विहिरीचं पाणी हाताला लागतं. शोषखड्डा केला तर जे शोषलं जाईल ते पोहऱ्यातूनच परत वर येईल. म्हणून पक्की बंद टाकी, तीन कप्प्यांची, विहिरीपासून आगराच्या, म्हणजे घरामागच्या बागेच्या, दुसऱ्या टोकाला. तिचं पाणी उंच केलेल्या वाफ्यात, कर्दळ आणि केळींना. मिस्त्रींनी एक गोष्ट सांगितली ती इथे ठळक लिहून ठेवते: पावसाळ्याआधी टाकी पाण्याने भरून ठेवायची. रिकामी ठेवली आणि जमिनीतलं पाणी वर आलं तर टाकी होडीसारखी उचलली जाते.

१९ जानेवारी २०२५

पश्चिम भिंतीचं सिमेंट निघालं. छिन्नीने, हळूहळू. मशीन लावलं असतं तर चिरेच सोलून निघाले असते. भिंत आता उघडी, कोळ्याच्या जाळ्यासारखे सांधे. अशीच महिनाभर वाळू द्यायची, रोज कोरड्या कुंचल्याने मीठ झाडायचं. हे काम चिरंजीवांकडे, शनिवार-रविवारी आला की. मोबाइल ठेवून भिंत झाडणारा मुलगा पाहायला आई खुर्ची घेऊन बसतात.

कळीचा चुना टाकीत भिजवला. उकळ्या फुटतात त्याला, जवळ उभं राहवत नाही. आता तो मुरेल तेवढा चांगला.

९ फेब्रुवारी

सुतार. पोफळीच्या रिपा सगळ्या बाद. वासे बरे, पण भिंतीत बसलेली टोकं बऱ्याच ठिकाणी कुजलेली. अख्खा वासा बदलण्यापेक्षा टोक कापून नवा तुकडा सांध्याने जोडायचा. माजघराचे फणसाचे खांब मात्र जसेच्या तसे, त्यांना हात लावायचं कारणच नाही. सुताराने तासणीचा एक फटका मारला, आतून हळदीसारखं लाकूड निघालं. तो खांबाकडे बघून म्हणाला, "असलं आता मिळायचं नाय," आणि त्या दिवसाचा दर वाढवला.

सगळ्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल. वाळवीला यासारखं औषध नाही आणि कातडीला यासारखा शत्रू नाही. लावणाऱ्यांनी आधी हातापायांना खोबरेल चोपडलं, तरी एकाचा दंड भाजलाच. घरभर वास. पाहुणे यायच्या आत जाईल असं सगळे म्हणतात.

२३ फेब्रुवारी

बाळंतिणीच्या खोलीची खिडकी. दोन्ही बाजूंनी टेकू देऊन, वर आधी लाकडी तुळई सरकवून, मग खालचा एकेक चिरा करवतीने कापून काढला. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर राहून टणक होतो. शंभरेक वर्षं हवा खाल्लेल्या या चिऱ्यांनी करवतीची पाती खाल्ली. पण संध्याकाळी उजेड आला तो थेट समोरच्या भिंतीपर्यंत. भिंतीवर काजळीचा एक गोल डाग आहे, समई तिथे असायची. पुसू नका म्हणून सांगितलं.

१३ मार्च

शिमगा. गडी नाहीत, मिस्त्री नाही, सुतार नाही. विचारायचंही नसतं.

६ एप्रिल

पश्चिम भिंतीला चुन्याचा पहिला हात. मुरलेला चुना, नदीची चाळलेली वाळू, गुळाचं पाणी, हिरड्याचा आणि मेथीचा काढा. समुद्राची वाळू शेजारी फुकट पडलीय पण ती नको, खारट. हात पातळ द्यायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आवळत जातो, त्याला घाई चालत नाही. उन्हात पटकन सुकला तर पापुद्रा धरतो. म्हणून भिंतीवर ओली गोणपाटं आणि दिवसातून तीनदा पाणी. विहिरीने तळ दाखवायला सुरुवात केली आहे, त्यामुळे धुणं सध्या शेजारी.

२० एप्रिल

छप्पर उघडायला घेतलं. आधी पूर्वेचा पाखा. जुनी कौलं उतरवून, घासून, वाजवून बघायची. खणखणीत ती ठेवायची, बद्द आवाजाची बाजूला. पश्चिमेसाठी कौलं कमी पडतात. चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात, आणि वादळाने आमचा तो पाखा पार भुगा केला होता. नवीन घेण्याऐवजी जुनी मिळाली. गावात घरं पाडून स्लॅब होतायत, कौलांच्या चळती कुंपणाला लागून पडल्यात. एका घरमालकाने ‘न्या, जागा अडलीय’ म्हणून जवळपास फुकट दिली. चढवताना वाईट वाटत होतं, नाही असं नाही.

वादळातून घेतलेला एक धडा: पागोळीकडच्या ओळी आणि आढ्यावरचे कोने तांब्याच्या तारेने रिपांना बांधायचे. वारा कौल वरून दाबत नाही, कडेखालून शिरून उपटतो. कडा बांधलेल्या असल्या की मधल्या कौलांना फारसा धोका नाही. प्रत्येक खोलीला दोन काचेची कौलं.

२० मे

पूर्वेचा पाखा झाला. पश्चिमेचे पत्रे निघाले, वासे-रिपा झाल्या, कौलं निम्म्यावर. हिशेबाने सात जूनपर्यंत पाऊस नाही. आज दुपारी आभाळ भरलं आणि रात्री धो धो.

२२ मे

पाऊस थांबत नाही. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र आहे. कौल चढवणारे शेवाळल्यासारख्या निसरड्या वाशांवर चढायला तयार नाहीत आणि मी सांगणारही नाही. उघड्या भागावर ताडपत्र्या, त्यावर माडाची झापं, त्यावर जुने पत्रेच परत आणून दोरांनी आवळले. ते भंगारवाल्याला दिले नव्हते हे बरं. बाहेरून चुन्याच्या नव्या भिंतीला झापांच्या झडी. झापं विणायला शेजारच्या काकू स्वतःहून आल्या. त्यांचे हात बघत राहावे, बोलणं मात्र सगळं माझ्या शिमग्यानंतर सुरू झालेल्या छपराच्या कामाबद्दल.

२४ मे

दुपारी ते कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरी आणि दापोलीच्या मधून जमिनीवर आलं. निसर्गच्या मानाने काहीच नाही, पण आईंनी सकाळपासून देवापुढचा दिवा विझू दिला नाही आणि जेवणही तिथेच बसून केलं. वीज कालपासून नाही. ताडपत्री एका कोपऱ्यात फाटली, तिथून पाणी थेट माजघरात. घंगाळ, तपेली, बादल्या, जे हाती लागलं ते मांडलं. सेप्टिक टाकी भरून ठेवलेली होती. एवढ्या गडबडीत तेवढं एक सुख.

२७ मे

काल मान्सून मुंबईत पोचलासुद्धा. मे महिन्यात. मिस्त्रींच्या आठवणीत नाही, आईंच्याही नाही. आज सकाळी चार तास उघडीप मिळाली, सहा माणसं चढली आणि दोन ओळी सोडून पाखा झाकला. भिंतीच्या चुन्याला काही झालेलं नाही. उलट ओली गोणपाटं बदलायचं काम वाचलं.

२ जून

कोने बसले. शाकारणी पूर्ण. देवघरात एक गळती आहे, उद्या बघू.

१३ जुलै

भर पावसात जमिनी. खोल्यांना लाल कोबा. दमट हवेत तो सावकाश सुकतो, तडे कमी. मजुरांना हेच पटवायला दोन दिवस गेले, कारण पावसात काम काढणारी मी त्यांना वेडीच वाटत होते. माजघर चोपून शेणाने सारवलं. फरशी घालू म्हणणारे बरेच निघाले. पण त्या जमिनीखालून ओल वर येते ती शेणामातीतून निघून जाते. फरशी घातली की ती भिंतीकडे वळणार, म्हणजे जानेवारीत केलेलं सगळं पाण्यात. आईंचं कारण वेगळं: "सारवलेल्यावर पाय गार राहतात."

पश्चिमेची भिंत आतून हात लावून पाहते रोज. गार लागते, ओली नाही.

३ सप्टेंबर

गौरी-गणपती काल गेले. तीसेक माणसं घरात होती, तेव्हा पाहुणे येण्याआधीच परीक्षा झाली. गोठ्यातली तीन न्हाणीघरं रिकामी आणि आईंच्या एकट्या न्हाणीघरापुढे रांग. सगळ्यांना तेच जवळ. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने त्याला कुलूप घातलं आणि किल्ली आईंच्या कमरेला. दोन गीझर एकदम लावले की मेन पडतो. वायरमनला सांगितलंय. छपरीतला दिवा पायरीवर उजेड पाडत नाही, काकांचा पाय घसरता घसरता वाचला.

भाऊकाकांची तिसरी अट या दिवसांत उलगडली. आरतीला वाडीतली माणसं घराघरातून फिरत येतात, आली की सरळ देवघरापर्यंत. पण फक्त गणपतीत नाही. विहिरीवर उन्हाळ्यात येणारे, आगरातून पलीकडच्या पाखाडीवर (दगडी पायवाटेवर) जाणारे, पूजेला फुलं नेणारे, सगळे याच दारातून ये-जा करतात, कैक वर्षं. दार लावलं की ती वाट बंद.

नवरा म्हणाला, पाहुण्यांना हे चालेल का? मी म्हटलं, ज्यांना चालेल ते येतील.

२८ सप्टेंबर

कागदपत्रं. वारस नोंद झाली, अकराही सह्या आल्या. पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेत अर्ज केला, मालक तिथेच राहतो हे तिचं मर्म, ते आमच्या बाबतीत खरंच आहे. लहान धंद्यासाठी अन्न नोंदणी, वर्षाला शंभर रुपये. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची. खोल्यांवरचा जीएसटी गेल्या सोमवारपासून १२ चा ५ टक्के झालाय, पण वीस लाखांच्या खालच्या उलाढालीला त्याचं सोयर ना सुतक.

स्वयंपाकघराचा तंटा मात्र मिटायला आठवडा लागला. हर्णैचा लिलाव इतका जवळ आणि आमच्याकडे मासे नाहीत हे ऐकून लोक हसतील, असं दिरांचं म्हणणं. आई म्हणतात, माझ्या चुलीवर नाही. ठरलं ते असं: न्याहारी आणि जेवण आईंच्या पद्धतीचं. घावणे आणि नारळाचा रस, कुळथाचं पिठलं, केळफूल, फणस निघाला की फणस, सांगून ठेवलं तर उकडीचे मोदक. मासे हवे त्यांना गावातल्या खानावळीची वाट दाखवू. त्या बाई सुरमई करतात तशी आम्हाला सात जन्मांत जमणार नाही.

२५ ऑक्टोबर

भाऊबीज झाली की पहिले पाहुणे घ्यायचे ठरलं होतं, तसे आज आले. पुण्याचे चौघे. काजू तेलाचा वास गेलाय, असं निदान आम्हाला वाटतं. त्यांनी विचारलं, हा कसला छान वास?

१४ डिसेंबर

दीड महिन्याचा अनुभव. अटॅच्ड नाही म्हटल्यावर फोन ठेवणारे निम्मे. उरलेल्यांत तक्रार एकाचीच, तीही न्हाणीघराची नाही. सकाळी सहाला पडवीत कोणीतरी अनोळखी बाई फुलं तोडत होती म्हणून ते घाबरले. नवरा ‘खासगी जागा’ असा बोर्ड करून आणायच्या बेतात होता. त्याऐवजी आता खोलीतल्या माहितीच्या कागदावर एक ओळ वाढवली: पहाटे शेजारच्या काकू जास्वंद न्यायला येतील, त्यांना चहा विचारलात तर बसतील आणि गावाची सगळी माहिती देतील. गेल्या आठवड्यातल्या दोघी बहिणी त्यांच्याबरोबर कड्यावरच्या गणपतीला जाऊन आल्या.

मागणी सगळ्यात जास्त बाळंतिणीच्या खोलीला. आत्यांना कळवलं. त्या म्हणाल्या, भाडंही जास्त लावा मग.

फेब्रुवारीपासून कासवांची पिल्लं सुटायला लागतील, त्या दिवसांसाठी विचारणा आत्तापासून आहेत. आगराच्या टोकाचा मोठा दिवा समुद्राकडे तोंड करून आहे. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, तेव्हा तो काढून छपरीत खालच्या उंचीवर लावायचा, म्हणजे काकांच्या पायरीचाही प्रश्न सुटेल.

देवघरातली गळती अजून सापडलेली नाही. मिस्त्री म्हणतो कौल, सुतार म्हणतो वासा खचलाय. मार्चमध्ये आढ्याजवळच्या तीन ओळी उघडून बघायच्या. सुताराला निरोप धाडलाय, शिमग्याआधी येतो म्हणालाय, म्हणजे शिमग्यानंतर.